कुंडीतली माती कशी निवडावी आणि खताने झाड जळू नये म्हणून काय करावं

मिरचीच्या रोपाची खालची पानं आधी टोकाला तपकिरी होतात. मग ती तपकिरी रेघ कडेकडेने पुढे सरकते. मधली शीर हिरवीच राहते आणि कड हाताला कुरकुरीत लागते. कुंडीच्या आतल्या बाजूला, मातीच्या जरा वर, पांढरट पापुद्रा धरलेला असतो आणि नखाने खरवडला तर पिठासारखा निघतो. हे पाहून बहुतेकांना वाटतं की झाडाला खत कमी पडतंय. मग आणखी एक मूठ खत पडतं आणि आठवड्याभरात रोप मान टाकतं.

शहरातल्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये मला उपाशी झाडांपेक्षा खत जास्त झालेली झाडं कितीतरी अधिक दिसतात. आणि त्याची सुरुवात बहुतेकदा खताच्या पुडीत नसते, कुंडी भरली त्या दिवशी निवडलेल्या मातीत असते. माती पाणी मोकळेपणाने खाली सोडत असेल तर थोडं जास्त झालेलं खत धुऊन काढता येतं. माती घट्ट असेल तर मोजूनमापून घातलेलं खतसुद्धा साचत जातं. म्हणून माती आणि खत हे दोन विषय इथे एकत्रच घेतले आहेत.

कुंडीत क्षार का साचतात

खत रासायनिक असो की सेंद्रिय, मुळं ते घेतात पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या रूपात. मुळाच्या आतल्या रसात क्षार जास्त आणि बाहेरच्या पाण्यात कमी, अशी स्थिती असते तोवर पाणी सहज आत शिरतं. बाहेरचे क्षार वाढले की ही ओढ कमी होत जाते, आणि फार वाढले तर उलट मुळातलंच पाणी बाहेर येऊ लागतं, जसं कोशिंबिरीत मीठ घातल्यावर काकडीला पाणी सुटतं. अशा वेळी माती ओली असूनही झाड तहानलेलं असतं. जे क्षार आत जातात ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत आणि कडेपर्यंत पोचतात. तिथे पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. टोकं आणि कडा आधी करपतात त्या यामुळे.

शेतात मुळं खोल किंवा लांब जाऊ शकतात आणि पावसाने क्षार खालच्या थरात उतरतात. कुंडीत बाहेर पडायची वाट एकच, बुडाचं भोक. रोज जेमतेम वरची माती भिजेल एवढंच पाणी घातलं तर त्या भोकातून थेंबही येत नाही. वरून पाणी उडतं आणि क्षार वाढत राहतात.

एक साधा हिशेब करून पाहा. १२ इंची कुंडीचं तोंड साधारण ०.०७ चौरस मीटर भरतं. त्यात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम डीएपी हे दाणेदार रासायनिक खत टाकलं, तर एकराच्या मापाने ते जवळजवळ २८५ किलो होतं. ५० किलोच्या पावणेसहा गोण्या! कुठलाही शेतकरी एकरात एका वेळी एवढं डीएपी टाकणार नाही. कुंडीत मात्र "एक चमचाच तर आहे" म्हणून ते सहज पडतं.

मातीकडून आपल्याला काय हवंय

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तीच स्थिती कुंडीत हवी: ओल आहे, पण मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे. पोषण नंतर थोडं थोडं देता येतं. हवा मात्र नंतर देता येत नाही, ती कुंडी भरतानाच मिश्रणात असावी लागते.

कुंडीची उंची कमी असल्यामुळे पाणी पूर्ण ओसरत नाही. बुडाशी काही बोटं उंचीचा थर कायम चिंब राहतो. माती जितकी बारीक, तितका हा थर जाड. म्हणूनच बुडाशी खडी किंवा विटांचे तुकडे यांचा थर घालण्याची आपल्याकडची जुनी सवय उपयोगाची नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर अडून राहतं आणि चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती वाहू नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं पुरे. मोकळेपणा हवा असेल तर ती खडी तळाशी न ठेवता सगळ्या मिश्रणात मिसळा.

एकेक घटक पारखून घेऊ

*लाल माती.* कोकणात आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात मिळणारी जांभ्याची माती आणि नर्सरीत मिळणारी लाल माती बहुतेक झाडांना चालते. जांभ्याची माती थोडी आम्ल असते, त्यामुळे मोगरा, जास्वंद, गुलाब यांना ती मानवते. पण नुसती लाल माती कुंडीत दोन पावसाळ्यांत दगडासारखी बसते. मिश्रणात तिसरा हिस्सा पुरतो. घेताना ढेकूळ फोडून पाहा. ते बोटांत भुगा झालं पाहिजे.

*काळी माती.* देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात हीच हाताशी असते. शेतात ती सोनं आहे, पण कुंडीत ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भिंतीपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तुम्हाला वाटतं भोकातून पाणी आलं, पण मधला गोळा कोरडाच असतो. शिवाय तिच्यात चुनखडी असते, सामू (पीएच) बहुधा ७.५ च्या वर असतो, आणि त्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे चित्र दिसलं की लोक खत वाढवतात. खत वाढवून ते पिवळेपण जात नाही, क्षार मात्र वाढतात. दुसरी माती मिळतच नसेल तर काळी माती पाचव्या हिश्शाहून जास्त घेऊ नका.

*कोकोपीट.* इथे थोडं थांबायला हवं, कारण नवख्या बागकाम करणाऱ्यांची सर्वात जास्त रोपं मला कोकोपीटमुळे गेलेली दिसतात आणि दोष मात्र खताला दिला जातो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि सोडणात मुळातच पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड भरपूर असतं. काही ठिकाणी सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवतात, त्याने आणखी मीठ चढतं. कोकोपीटच्या स्वस्त विटा न धुता दाबलेल्या असतात. अशा कोकोपीटमध्ये लावलेलं रोप खताचा कण न पडताही कडेने करपू शकतं.

विकत घेताना पुडक्यावर 'लो ईसी' किंवा 'धुतलेलं' असं लिहिलेलं पाहा. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते माप, त्यावरून क्षार किती ते कळतं (इथले ईसीचे आकडे डेसिसिमेन्स प्रति मीटर या मापातले आहेत). कोकोपीटचा ईसी ०.५ च्या आत असेल तर उत्तम. पुडक्यावर काही लिहिलेलं नसेल तर ते धुवायचं आहे असंच समजा.

धुण्याची पद्धत अशी. पाच किलोची वीट मोठ्या टबात २० ते २५ लिटर पाण्यात भिजवा. फुगून ती साधारण ६० ते ७० लिटर होते. तासाभराने गोणपाटात किंवा जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घेऊन पिळा. निघालेलं पाणी गर्द चहाच्या रंगाचं असतं. पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं, असं पाणी फिकट होईपर्यंत करा. एवढ्याने सुटे क्षार जातात. पण काही सोडियम आणि पोटॅशियम कोकोपीटच्या कणांना धरून बसलेलं असतं. ते नुसत्या पाण्याने सुटत नाही आणि नंतर खतातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्याकडे ओढून घेतं. त्यासाठी शेवटच्या पाण्यात दर १० लिटरला २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, रात्रभर भिजत ठेवा, सकाळी पिळून एकदा साध्या पाण्याने धुवा. टोमॅटो, मिरची, वांगी लावणार असाल तर हा शेवटचा टप्पा टाळू नका.

*शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट.* तिन्ही चांगली, पण तिन्ही पूर्ण कुजलेली हवीत. कुजलेल्या खताला पावसाळी मातीचा वास येतो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास, हाताला ऊब, किंवा ओळखू येणारी काडी-शेण दिसलं तर ते अजून कच्चं आहे. ते सावलीत ओलसर ढीग करून महिना-दीड महिना ठेवा. लेंडीखत शेणखतापेक्षा उष्ण आणि कोंबडीखत त्याहून उष्ण. कोंबडीखत कुंडीच्या मिश्रणात घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"सेंद्रिय आहे, कितीही घाला" हा समज सोडून द्यावा लागेल. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला ईसी ४.० पर्यंत चालतो. म्हणजे नियमात बसणाऱ्या कंपोस्टमध्येही बऱ्यापैकी क्षार असू शकतात. नुसत्या कंपोस्टमध्ये किंवा नुसत्या गांडूळखतात रोप लावू नका. मिश्रणात त्याचा वाटा चौथा ते तिसरा हिस्सा असावा.

*मोकळं करणारे घटक.* पर्लाइट, म्हणजे भाजून फुगवलेल्या खनिजाचे पांढरे दाणे, हलकं आणि उत्तम, पण महाग. त्याच्या जागी भाताचं तूस, जाळून काळं केलेलं तूस, किंवा विटांचा वाटाण्याएवढा चुरा छान काम करतो. रेती घ्यायची तर जाड आणि धुतलेली. क्रश सँडमधली बारीक भुकटी ओली झाली की सिमेंटसारखी बसते, म्हणून ती चाळून फक्त वरचे कण घ्या. समुद्राची वाळू कधीच नको. लाकडाचा ताजा भुसा टाळा. तो कुजताना मातीतला नत्र (नायट्रोजन) खातो आणि रोपं फिकट पिवळी पडतात.

*तयार पॉटिंग मिक्स.* पिशवी हातात घेऊन दाबून पाहा, आतला माल मऊ आणि तरंगता लागला पाहिजे. त्यात खत आधीच मिसळलं आहे का ते वाचा. असेल तर पहिले सहा आठवडे वेगळं खत देऊ नका. तयार मिश्रणावर वर आणखी गांडूळखत आणि वर पेंड, हे जळण्याचं नेहमीचं कारण आहे.

प्रमाण

भाजीपाला आणि फुलझाडांसाठी माझं पसंतीचं मिश्रण घमेल्याच्या मापाने सांगते: लाल माती दोन घमेली, धुतलेलं कोकोपीट दोन घमेली, गांडूळखत किंवा जुनं शेणखत दीड घमेलं, आणि तूस किंवा विटांचा चुरा एक घमेलं. यात दर घमेल्याला एक मूठ निंबोळी पेंड मिसळून, पाणी शिंपडून, पंधरा दिवस झाकून ठेवायचं. पेंड मातीत कुजताना उष्णता आणि अमोनिया सोडते, ते या दिवसांत होऊन जातं. पेंड मिसळून त्याच दिवशी रोप लावलं तर कोवळी पांढरी मुळी भाजते.

अडेनियम, कोरफड, निवडुंग यांना खत अर्धं आणि चुरा दुप्पट करा. बियांची रोपं तयार करायला मात्र खत जवळजवळ नकोच. तीन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेलं गांडूळखत पुरे, पहिले दोन-तीन आठवडे बी स्वतःच्या शिदोरीवर वाढतं. कढीपत्ता, लिंबू, चिकू अशी वर्षानुवर्षं राहणारी झाडं असतील तर मातीचा भाग वाढवा. कोकोपीट दोन-तीन वर्षांत कुजून खाली बसतं आणि झाड त्याच्याबरोबर खाली जातं.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजनही बघा. ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. १५ लिटरच्या नुसत्या मातीच्या कुंडीचं वजन २५ किलोच्या वर जातं. वरच्या मिश्रणाने ते बरंच उतरतं. कुंड्या शक्यतो कठड्याच्या कडेने, खांब-तुळईच्या वर ठेवा.

लावण्याआधी तीन चाचण्या

पहिली मुठीची. मिश्रण ओलसर करून मूठ घट्ट आवळा आणि उघडा. गोळा धरला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो लगेच फुटला पाहिजे. गोळा फुटत नसेल तर चुरा वाढवा. गोळा धरतच नसेल तर कोकोपीट किंवा कंपोस्ट.

दुसरी निचऱ्याची. एक कुंडी भरा, एकदा पाणी घालून माती बसू द्या, मग एक तांब्या पाणी ओता. पाणी वर तळं करून न राहता मिनिटाभरात मुरायला हवं आणि थोड्याच वेळात भोकातून यायला हवं.

तिसरी मेथीची, आणि ही सर्वात महत्त्वाची. एका वाटीत तुमचं मिश्रण, दुसऱ्या वाटीत धुतलेली रेती किंवा जुनी, भरवशाची माती. दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे पेरा, सारखं पाणी द्या. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. तुमच्या वाटीत दाणे कमी उगवले, उशिरा उगवले, किंवा उपटल्यावर मुळाचं टोक तपकिरी आणि आखूड दिसलं, तर मिश्रणात क्षार जास्त आहेत किंवा खत कच्चं आहे. आणखी पंधरा दिवस ठेवा, धुवा आणि पुन्हा पेरा. ज्या मातीत मेथी रडते तिथे महागाची रोपं लावण्यात अर्थ नाही.

कुंडी भरताना

मिश्रण आधी ओलसर करून मगच भरा. कोरडं कोकोपीट पाणी झटकतं आणि मग मधोमध कोरडे खिसे राहतात. वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पाणी मुरायच्या आत ओसंडून जातं. माती हाताने दाबू नका, कुंडी जमिनीवर दोनदा आपटा आणि पाण्याने बसू द्या. रोपाच्या खोडाभोवती पहिला महिना कुठलंही खत नको. कुंडी थाळीत ठेवली असेल तर थाळीतलं पाणी अर्ध्या तासाने ओतून द्या. जे क्षार बाहेर आले ते थाळीतून पुन्हा वर शोषले जातात.

खत किती, कधी, कसं

सगळ्या खतांचा क्षारपणा सारखा नसतो. त्यासाठी एक तुलनात्मक अंक वापरतात, ज्यात सोडियम नायट्रेटला १०० धरलेलं असतं. त्या मापात म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे एमओपी, ११६ च्या आसपास येतं. युरिया ७५ च्या आसपास आणि सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे एसओपी, ४६ च्या आसपास. कुंडीत पोटॅश द्यायचंच असेल तर एसओपी घ्या. एमओपीत क्लोराइडही असतं. १५ लिटरच्या कुंडीतल्या मातीत साधारण पाच लिटर पाणी मावतं. त्यात एक चमचा एमओपी विरघळलं तर त्या पाण्याचा ईसी जवळपास २ ने वाढतो आणि दुपारच्या उन्हात निम्मं पाणी उडालं की दुप्पट होतो.

कोणत्या झाडाला किती क्षार झेपतात याचे शेतीशास्त्रातले आकडे उपयोगी आहेत. घेवडा आणि स्ट्रॉबेरी यांचं उत्पन्न मातीचा ईसी १.० च्या वर गेला की घटू लागतं, मिरचीचं १.५, पालकाचं २.०, टोमॅटोचं २.५, बीटचं ४.० च्या वर. एकाच गच्चीवर सगळ्यांना एकाच डब्यातून सारखं खत दिलं तर घेवडा करपतो आणि बीट मजेत असतं, त्याचं कारण हे.

पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत) वापरत असाल तर लिटरला एक ग्रॅम आणि पंधरा दिवसांतून एकदा एवढंच द्या. चमच्याचा अंदाज फसवतो. स्वयंपाकघरातला छोटा काटा वापरा, किंवा दहा ग्रॅम दहा लिटरच्या बादलीत टाका. पुडीवर पिकासाठी लिहिलेलं फवारणीचं प्रमाण कुंडीत ओतण्यासाठी नसतं. डीएपी आणि युरिया यांचे दाणे कुंडीत टाकू नयेत. आवरण असलेली, सावकाश सुटणारी खतं परदेशी बनावटीची असतील तर त्यांचा कालावधी बहुधा २१ अंश तापमान धरून लिहिलेला असतो. आपल्या उन्हात ती बरीच लवकर सुटतात, म्हणून पुडीवरच्या मात्रेच्या निम्मी घ्या.

सेंद्रिय खतात १२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळखत, किंवा दीड-दोन महिन्यांतून दोन मोठे चमचे निंबोळी पेंड. पेंड खोडापासून चार बोटं लांब, कडेने, मातीत हलकेच मिसळून. दोन्ही एकाच आठवड्यात नकोत. शेंगदाणा किंवा मोहरीची पेंड द्यायची तर १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, गाळून, दहा पट पाणी घालून द्या. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रव खत) किंवा गोमूत्रही असंच दहा पट पातळ करूनच. गोमूत्रात नत्र आणि क्षार दोन्ही असतात आणि ते थेट ओतलं की कोवळी मुळं मरतात.

चार नियम मात्र कधी मोडू नका. कोरड्या मातीत खत देऊ नका, आदल्या दिवशी पाणी द्या. नुकतंच कुंडी बदललेलं, आजारी किंवा कोमेजलेलं झाड असेल तर खत थांबवा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्रा निम्मी करा किंवा बंदच ठेवा, विदर्भ-मराठवाड्यात तर बंदच. आणि दर तिसऱ्या-चौथ्या पाण्याला, ओतलेल्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा भोकातून बाहेर येईल एवढं भरपूर पाणी द्या.

पाणी कुठलं

धरणाचं नळाचं पाणी बहुधा अडचण करत नाही. बोअरचं आणि टँकरचं पाणी मात्र मोजा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार (पीपीएममध्ये), मोजणारा साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. सिंचनाच्या पाण्याचा टीडीएस ४५० पर्यंत असेल तर निर्धास्त वापरा. ४५० ते २००० मध्ये असेल तर खत कमी आणि धुणं जास्त. २००० च्या वर असेल तर ते पाणी कुंड्यांना देऊ नका. आरओ मशीनच्या बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. पाणी वाचवण्याची तळमळ मला समजते, पण ते फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, ते चालतं. आणि पावसाचं साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

मीटर हाताशी आहेच तर कुंडीही तपासता येते. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा, खाली स्वच्छ थाळी ठेवा आणि वरून हळूहळू एक पेलाभर एसीचं किंवा शुद्ध पाणी ओता. थाळीत जमलेलं पहिलं अर्धी वाटी पाणी मोजा. स्वस्त मीटरमध्ये ईसी १ म्हणजे बहुधा ५०० आकडा. त्या हिशेबाने रोपांसाठी आणि नाजूक झाडांसाठी १३०० च्या आत, वाढलेल्या झाडांसाठी २३०० पर्यंत ठीक. ३२०० च्या वर गेलं की धुण्याची वेळ झाली.

हे खताचंच जळणं आहे का?

खात्री करून मगच उपाय करा. उन्हाचा चटका पानाच्या उघड्या, उन्हाकडच्या भागावर पांढरट डागासारखा मध्येच दिसतो, कडेने सरकत नाही. पाणी कमी पडलं असेल तर सगळं झाड एकदम मलूल होतं आणि पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं. क्षारांनी मलूल झालेलं झाड पाणी पाजूनही तसंच राहतं. पोटॅशच्या कमतरतेतही जुन्या पानांच्या कडा करपतात, इथेच फसगत होते. अशा वेळी गेल्या दोन महिन्यांत काय काय घातलं ते आठवा आणि कुंडीच्या काठावरचा पांढरा थर पाहा. नत्र जास्त झालं असेल तर पानं गर्द हिरवी, जाड आणि खाली वळलेली होतात, फुलं येत नाहीत आणि शेंड्यावर मावा बसतो. टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडत असेल तर तो कॅल्शियम पोचत नसल्याचा आहे, आणि क्षार वाढल्याने तेही होतं.

शंका राहिली तर कुंडी आडवी करून झाड गड्ड्यासकट अलगद बाहेर काढा. पांढरी, टोकदार मुळी दिसली तर वेळ गेलेली नाही. टोकं तपकिरी आणि पातळ झाली असतील तर क्षार किंवा कच्चं खत. मुळाचं साल बोटात सुटून आलं आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी साचलंय, आणि मग नुसतं धुऊन भागणार नाही, माती बदलावी लागेल.

जळलेलं झाड वाचवण्यासाठी

१. वर टाकलेलं खत दिसत असेल तर वरची दोन बोटं माती खुरप्याने काढून टाका. पांढरा थरही तिच्याबरोबर जाऊ द्या.

२. कुंडी सावलीत न्या. फ्लॅटमध्ये असाल तर सरळ न्हाणीघरात. गॅलरीत धुतलं तर तपकिरी पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं.

३. कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी लागेल. १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर. झारीने तांब्या-तांब्याने घाला, एकदा खाली निथळलं की पुढचं. दहा-पंधरा मिनिटं मध्ये थांबून पुन्हा घातलं तर कणांत अडकलेले क्षारही सुटतात. मीटर असेल तर बाहेर येणारं पाणी मोजत राहा. घालतो त्या पाण्याच्या आकड्याजवळ आलं की थांबा.

४. पूर्ण निथळू द्या. चार-पाच दिवस सावली, मग हळूहळू ऊन. वरची दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी नको.

५. तीन ते चार आठवडे कुठलंही खत नाही, टॉनिकही नाही. करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. नवीन पालवी कशी येते ते बघा. ती स्वच्छ असेल तर झाड सावरलं.

६. पूर्ण वाळलेली पानं काढा, अर्धी हिरवी असलेली ठेवा. ती अजून अन्न तयार करत असतात.

धुताना पाणी मुरतच नसेल, वर तळं होत असेल, तर माती बसलेली आहे. तेव्हा झाड काढा, मुळांची जुनी माती बाहेरून तिसरा हिस्सा झटका आणि नव्या मिश्रणात लावा. हे काम संध्याकाळी करा. पावसाळ्याच्या सुरुवातीला, मृग लागल्यावर, झाडं हा बदल सर्वात चांगला सोसतात. गुलाबाचं मात्र पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर करावं.

पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्या आपोआप धुतल्या जातात, पण त्याबरोबर पोषणही जातं. जुलै-ऑगस्टच्या झडीत विरघळणारं खत देणं म्हणजे ते गटारात ओतणं, आणि पेंड दिली तर तिच्यावर बुरशी आणि अळ्या होतात. थांबा. सप्टेंबरअखेर ऊन पडू लागलं की दोन मुठी गांडूळखत घालून सुरुवात करा.

जुनी माती फेकू नका. प्लास्टिकवर पसरा, मुळं वेचा, कडक उन्हात आठवडाभर वाळवा. क्षार जास्त झालेली असेल तर भोकं पाडलेल्या गोणीत भरून पावसात उभी करा किंवा पाण्याने धुवा. नंतर तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढं नवं कंपोस्ट आणि थोडं तूस मिसळून दोन-तीन आठवडे ओलसर ठेवा, मेथी पेरून तपासा, आणि मगच पुढचं रोप लावा.